दहापैकी दोन

डॉ. आदिनाथ मगदूम यांच्याबद्दल हल्ली कुणीही उठतं आणि काहीही बोलतं. परवा मंडईत एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, त्या राक्षसाकडे कामाला होती ना, ती हीच. मी तिथल्या तिथे तिला चार शब्द सुनावले आणि मेथी न घेताच घरी आले. राक्षस वगैरे काही नव्हते ते. राक्षस असते तर मला आज इतकं वाईट वाटलं नसतं.

मी ग्रेस लोंढे. मिरजेच्या नस संशोधन केंद्रात नसा तपासायचं मशीन चालवायचे, ते थेट केंद्राला कुलूप लागेपर्यंत. पेशंटच्या हातावर दोन चकत्या चिकटवायच्या, बारीकसा शॉक द्यायचा आणि तो नसेतून किती वेगाने धावतो ते पडद्यावर बघून लिहून ठेवायचं. शिवाय पेशंटला विचारून एक तक्ता भरायचा. सगळा घोळ झाला तो त्या तक्त्यात, म्हणून मला यातून अंग काढून घेता येत नाही.

आधी थोडं विज्ञान सांगते. घाबरू नका, मलाही डॉक्टरांनी ते असंच समजावलं होतं. हाताची नस म्हणजे एकच एक दोरी नसते, हजारो तंतूंची जुडी असते. ती मानेपाशी तुटली की पुढचा भाग मरतो, पण त्याची रिकामी नळी तशीच मागे राहते. मानेकडचा तुटका तंतू त्या नळीतून पुन्हा वाढायला लागतो. सोय चांगली आहे, पण वेग दिवसाला एक मिलिमीटर. मानेपासून बोटांपर्यंत पोचायला दोन-सव्वादोन वर्षं लागतात आणि तोवर बोटांचे स्नायू वाळून गेलेले असतात. पाहुणा दारात पोचतो तेव्हा घरच पडलेलं असतं.

डॉक्टरांनी उंदरांच्या मागच्या पायांवर अठरा वर्षं घालवली. लोक दवाखाने काढून बंगले बांधत होते आणि हे उंदरांना चालायला शिकवत होते. आईच्या पोटात असताना आपल्या नसा झपाट्याने वाढतात, तो वेग देणारी जनुकं जन्मानंतर झोपी जातात. त्यांना पुन्हा जागं करणारं एक जेल डॉक्टरांनी तयार केलं. तुटलेल्या जागी ते लावलं की तंतू दिवसाला सहा मिलिमीटर वाढायचे. पाच महिन्यांत बोटांपर्यंत. मग गोळ्यांचा एक कोर्स, की जनुकं परत झोपी जायची. त्या जेलचं नाव त्यांनी ‘अंकुर’ ठेवलं.

माणसाला ते पहिल्यांदा दिलं २०३४ साली, आणि तो माणूस म्हणजे अण्णा. शांतिनाथ मगदूम, डॉक्टरांचे थोरले भाऊ. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले तेव्हा अण्णांनी शाळा सोडली, कुपवाडच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले आणि धाकट्याला डॉक्टर केलं. डॉक्टर दिल्लीला भाषण देऊन आले काय किंवा परदेशातून आले काय, आधी अण्णांच्या पाया पडायचे, मग बॅग खाली ठेवायचे. अण्णांसमोर खुर्चीत बसलेलं मी त्यांना फार क्वचित पाहिलं.

त्या वर्षी उसाच्या ट्रॉलीने अण्णांची मोटरसायकल उडवली. उजव्या खांद्यावर पडले. मानेपाशीच सगळ्या नसा तुटल्या आणि हात नुसता लोंबकळायला लागला. डॉक्टरांनी खास परवानगी आणली, स्वतः ऑपरेशनला उभे राहिले आणि अंकुर लावला. पाच महिन्यांनी अण्णांच्या अंगठ्याची पहिली लाट माझ्या पडद्यावर उमटली. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू. वर्षभराने अण्णा पुन्हा लेथ चालवत होते. त्याचा फोटो सगळीकडे छापून आला आणि चार वर्षांत अंकुरला देशभर मान्यता मिळाली.

आता तो तक्ता. त्यात एक ओळ होती: दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. डॉक्टर आधी स्वतः खोलीत यायचे, पेशंटच्या पाठीवर हात ठेवायचे आणि विचारायचे, “बरं आहे ना?” आता असं विचारल्यावर आपल्याकडचा माणूस काय सांगणार? बरं आहे, साहेब. मग डॉक्टर गेले की मी आकडा विचारायचे. शून्य म्हटलं तर दृष्ट लागेल, जास्त म्हटलं तर साहेबांना वाईट वाटेल. म्हणून दोन. बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या एकमेकांना विचारून यायचे, तुम्ही किती सांगितलं? दोन? मग मीपण दोनच सांगतो. माझ्या तक्त्यात दोनच दोन. परदेशातले लोक ते तक्ते बघून चकित व्हायचे, की इतका एकसारखा निकाल!

माझं मशीन तरी खरं बोलेल की नाही? तर तिथेच मेख होती. मशीनला कळतात ते जाड, वेगवान तंतू, जे स्नायू हलवतात. दुखणं वाहून नेणारे तंतू केसाहून बारीक असतात, त्यांची लाट पडद्यावर उमटत नाही. त्यांच्यासाठी माणसाला विचारणं हाच मुख्य उपाय. आणि विचारत होतो आम्ही असं.

अंकुर लावल्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून मला खटकायला लागलं होतं. चकती चिकटवताना लोक दात आवळायचे. इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला मला म्हणाला, ताई, जरा हळू, सदरा घासला तरी आग होते. आकडा विचारला तर दोन. मी त्याला झापलं, अहो, आत्ता आग होते म्हणालात ना? तर म्हणाला, “साहेबांनी हात परत दिला. आता त्यांच्यापुढे रडायचं काय?”

मी डॉक्टरांना सांगितलं होतं. एकदा. त्यांनी विचारलं, लाट कशी आहे? मी म्हटलं, उत्तम. मग म्हणाले, नस जागी होताना थोडं होतंच, अण्णा या सगळ्यांच्या किती तरी पुढे आहेत आणि त्यांची काही तक्रार नाही. मी गप्प बसले. का बसले? त्यांच्या शोधनिबंधात माझं नाव होतं, सातवं. चर्चमध्ये लोक मला पुढच्या बाकावर जागा द्यायचे. तेवढ्यावर मी विकली गेले.

२०४५च्या मे महिन्यात बातमी आली की अंकुर आता नवजात बाळांना द्यायचा. अवघड बाळंतपणात बाळाची मान ओढली जाते, नसा ताणून तुटतात आणि एक हात जन्मतःच लुळा पडतो. अशी हजारो बाळं असतात. डॉक्टरांचं ते शेवटचं स्वप्न होतं. दिल्लीहून तिघांची समिती गुरुवारी येणार होती. त्यांना सगळ्यात जुना पेशंट स्वतः तपासायचा होता, म्हणजे अण्णा. त्यांचा शेरा आला की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अंकुर जाणार होता.

अण्णांची त्या वर्षाची तपासणी राहिली होती. दोनदा निरोप पाठवला, आले नाहीत. सोमवारी दुपारी मी छोटं मशीन पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. अण्णांच्या पत्नी शालनवहिनींनी दार उघडलं, मला बघून त्यांचा चेहरा उतरला. आत उकाड्याने जीव जात होता आणि पंखा बंद. मला वाटलं, वीज गेली असेल. स्वयंपाकघरात फ्रीज घुरघुरत होता.

अण्णा मधल्या खोलीत उघड्या अंगाने बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत पाण्याच्या बादलीत आणि वरच्या भागावर ओला पंचा. मला बघून त्यांनी हात बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या तोंडून असा आवाज आला की मी पिशवी तिथेच खाली ठेवली. वहिनींनी मला बाहेर नेऊन सांगितलं, सहा वर्षं या घरात पंखा लागला नाही. वारा लागला की उकळतं तेल पडल्यासारखं होतं त्यांना. नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत. रविवारी भावजी जेवायला येतात तेव्हा मात्र हे पंखा लावतात, पूर्ण बाहीचा सदरा घालतात, दोन तास हसत बसतात, आणि भावजी गेले की उलटी करतात. हे सांगताना त्या पदराने नुसता घाम पुसत होत्या.

मी आत जाऊन अण्णांवर रागावले. माझा स्वभावच तसा आहे, मला रडू यायला लागलं की मी आधी भांडते. सहा वर्षं माझ्याकडून दोन लिहून घेतलंत, म्हटलं. तुमच्या आकड्याकडे बोट दाखवून बाकीच्यांची तोंडं बंद केली आम्ही.

“त्याचा सगळा जन्म या एका औषधात गेलाय, पोरी,” अण्णा म्हणाले. “मी तोंड उघडलं तर त्याच्याकडे राहील काय?”

मी त्यांना बाळांचं सांगितलं. बाळ काही दहापैकी किती ते सांगणार नाही, अण्णा. ते रडेल. आई म्हणेल, पोट दुखत असेल, आजी घुटी पाजेल, आणि अंगावर दुपटं घातलं की आणखी रडेल. अण्णांनी मान खाली घातली. मग एवढंच म्हणाले, आदूला तू काही बोलू नकोस.

आदू म्हणजे डॉक्टर. मी तशीच रिक्षा करून केंद्रात आले आणि सगळं बोलले.

डॉक्टर माझ्यावर भडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, मी दर रविवारी त्यांच्या पानाला पान लावून जेवतो, मला कळलं नसतं? मी विचारलं, जेवताना तुम्ही त्यांना काय विचारता? ते अगदी हळू म्हणाले, “बरं आहे ना, असं विचारतो.”

मी म्हटलं, कापसाचा बोळा तरी कधी फिरवलात त्यांच्या हातावरून? पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या पोरांनासुद्धा ही तपासणी येते, कापूस त्वचेला टेकवायचा आणि काय वाटतं ते विचारायचं. ते म्हणाले, अण्णांना तपासणीच्या टेबलावर झोपवून मी वर उभा राहायचं, हे मला जमलं नाही कधी. ते सगळं तुमच्यावर सोपवलं होतं. आणि इकडे मी, अण्णांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून, ते सांगतील ते लिहीत होते. असे आम्ही तिघं शहाणे.

मला वाटलं, ते तडक अण्णांकडे जातील. गेले नाहीत. मंगळवारी, बुधवारी खोलीचं दार लावून जुने तक्ते काढून बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. जायची हिंमत नव्हती त्यांची, आणि गुरुवारी अण्णा आले नाहीत तर बरं, असंही त्यांच्या मनात असणार. माझ्यासुद्धा मनात होतं.

अण्णा आले. पांढरा पूर्ण बाहीचा सदरा, गळ्याशी बटण लावलेलं. समितीच्या अध्यक्ष नागपूरकडच्या एक बाई होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी हात पुढे केला, अण्णांनी लांबूनच नमस्कार केला. मग त्यांनी उजव्या हाताने पाण्याने भरलेला तांब्या उचलून दाखवला, कागदावर सही केली, सुईत दोरा ओवला. तिघं एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. खोलीत एसी चालू होता आणि त्याचा झोत बरोबर त्यांच्या खांद्यावर येत होता. कपाळावरून घाम ओघळत होता, तरी त्यांचा चेहरा हलला नाही.

बाईंनी विचारलं, आजोबा, दुखणं दहापैकी किती? अण्णा म्हणाले, दोन.

बाईंनी लिहायला पेन उचललं आणि डॉक्टर पुढे आले. त्यांच्या हातात कापूस होता. म्हणाले, अण्णा, बाही वर करा. अण्णांनी मान हलवून नको म्हटलं. डॉक्टर तरी वाकले, त्यांनी भावाच्या बाहीचं बटण काढलं आणि कापूस पुढे नेला. कापूस अजून चार बोटं लांब होता. अण्णांनी डोळे गच्च मिटले, खालचा ओठ दातात धरला, आणि सत्तरी उलटलेल्या त्या माणसाचे पाय खुर्चीखाली लटलटा कापायला लागले. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. तो कापूस त्यांनी टेकवलाच नाही.

“अण्णा, खरं किती?” त्यांनी विचारलं.

अण्णांनी डोळे उघडले. त्यांच्याशिवाय आम्ही पाच माणसं त्या खोलीत होतो, पण ते फक्त भावाकडे बघत होते. “तूच सांग, आदू,” ते म्हणाले. “काय सांगू ह्यांना?”

मला अजून तो क्षण जसाच्या तसा आठवतो. डॉक्टर नुसतं हसले असते, थोडा घाबरट स्वभाव आहे हो त्यांचा, असं म्हणाले असते, तर बाईंनी दोन लिहिलं असतं. अण्णांनी ते तसंच निभावून नेलं असतं. त्यांनी ते धाकट्याच्या हातात देऊन टाकलं होतं. डॉक्टरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते आणि काय मागावं ते मला कळत नव्हतं.

“खरं सांगा,” डॉक्टर म्हणाले.

अण्णांनी आधी तो एसी बंद करायला सांगितला. मग खाली बघत, एखाद्या चोरीची कबुली द्यावी तसं सगळं सांगितलं. पंखा, बादली, नातवंडं, रविवार. आकडा विचारला तेव्हा म्हणाले, दहाच्या पुढे तुमच्यात काही आहे का?

बाळांसाठीची परवानगी तिथेच थांबली. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः पत्र लिहून अंकुर मागे घेतला. त्यानंतर अनोळखी माणसं घरोघर पाठवून सगळ्या पेशंटना नव्याने विचारण्यात आलं. चार हजारांवर माणसं होती. डॉक्टर समोर नाहीत म्हटल्यावर लोक बोलायला लागले. ज्यांना पाच वर्षं उलटली होती, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना तेच होत होतं. इचलकरंजीच्या त्या यंत्रमागवाल्याने वर्षापूर्वीच विहीर जवळ केली होती. आमच्या तक्त्यात त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘संपर्क झाला नाही’. लिहिणारी मीच.

पुढचं तुम्ही वाचलंच असेल. ज्यांनी डॉक्टरांच्या फोटोला हार घातले, त्यांनीच काचा फोडल्या. त्यांचा परवाना गेला, चौकशी लागली. माझीही चौकशी झाली. माझं नाव सातवं म्हणून मी सुटले, आणि सुटल्याचा मला जराही आनंद झाला नाही.

केंद्र बंद व्हायच्या आठवड्यात, भर सकाळी, दोघे भाऊ रिक्षातून आले. पुण्याहून अण्णांच्या मानेचे नवे स्कॅन आले होते. बारीक तंतूसुद्धा दिसतील असे ते नव्या पद्धतीचे होते. अण्णा न सांगता टेबलावर जाऊन झोपले. डॉक्टर त्यांच्या उशाशी उभे राहिले, पडद्यावर स्कॅन लावला आणि मला दाखवला. जाड तंतू मुक्कामाला पोचून थांबले होते. बारीक तंतूंनी मात्र गोळ्यांचं ऐकलंच नव्हतं. नळीत जागा उरली नाही तेव्हा ते उलटे फिरले होते, मानेतून मज्जारज्जूत शिरले होते आणि दिसेल त्या पेशीला जाऊन चिकटले होते. शेतात हरळी माजते तसं आतून सगळं व्यापलं होतं. ते काढायचं तर मज्जारज्जूच काढावा लागला असता.

अण्णांनी छताकडे बघत विचारलं, हा हात खांद्यापासून कापून टाकता येईल का? डॉक्टर म्हणाले, येईल, पण आग तशीच राहील, ती आता हातात नाही. अण्णा म्हणाले, “मग हे थांबणार कधी?”

इतक्या वर्षांत मी डॉक्टरांना हजारो पेशंटशी बोलताना ऐकलं. बघू या, सुधारेल, नस संथ असते, धीर धरा. त्या दिवशी त्यांनी भावाच्या डोळ्यांत बघितलं.

“थांबणार नाही, अण्णा.”

अण्णांनी मान हलवली. हिशेब पटल्यावर हलवतात तशी. डाव्या हाताचा आधार घेऊन ते सावकाश उठून बसले आणि मी सदरा पुढे केला तर नको म्हणाले.

“सांगितलंस ते बरं केलंस,” ते भावाला म्हणाले. “सहा वर्षं मी रोज सकाळी उठून वाट बघायचो. मला वाटायचं, माझं दुखणं तुला कळलंय आणि तू औषध शोधतोयस, म्हणूनच खोदून विचारत नाहीस.”

डॉक्टर टेबलाची कड धरून खाली फरशीवर बसले. अण्णांनी त्यांना उठवलं नाही. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मी त्याला थांबायला सांगायला गेले.